छोटा कॅमेरा, एक लेन्स आणि बेळगावच्या गल्ल्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी उद्यमबागेत मशीन शॉपला कामाला आहे, फोटोग्राफीचं शिक्षण वगैरे काही नाही. खरं गेल्या गणपतीपासून तीन कॅमेरे घेऊन गावभर फिरून झालंय. एक माझा स्वतःचा जुना कॅनन २००डी, एक मावसभावाचा रिको जीआर थ्री जो त्यानं तीन आठवड्यांसाठी दिला आणि मी सात आठवडे परत केला नाही, आणि एक फुजीफिल्म एक्स-ई३ जो शेवटी सेकंडहँड विकत घेतला. आता चहाला उभारलं की कोण ना कोण विचारतंच, कुठला घेऊ, लेन्स कुठली, लोक ओरडत नाहीत काय. तेच तेच सांगून तोंड दुखलं म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय.

प्र. हातात मोबाईल असताना कॅमेरा कशाला?

गरज नसेल तर घेऊ नका. भर दुपारी काढलेला मोबाईलचा फोटो आणि कॅमेऱ्याचा फोटो व्हॉट्सॲपवर शेजारी शेजारी टाकला तर आमच्या घरात कुणालाच फरक कळला नाही. फरक कळतो तो संध्याकाळी सातनंतर. मोबाईल रात्री चार-सहा फोटो पटापट काढून एकावर एक रचतो, त्यामुळं भिंत झकास येते आणि समोरून चालत जाणारा माणूस मेणाचा होतो. मोठ्या सेन्सरचा, म्हणजे उजेड टिपणाऱ्या मोठ्या चिपचा, कॅमेरा ते काम एका क्लिकमध्ये करतो. दुसरं म्हणजे मोबाईल वर उचलला की आजकाल सगळ्यांना वाटतं रील चाललंय, पोरं मागं येऊन नाचायला लागतात. तिसरं कारण जरा खाजगी आहे, कॅमेऱ्यावर फोरमनचा फोन येत नाही.

प्र. कॉम्पॅक्ट म्हणजे नेमका कुठला? दुकानात प्रत्येकजण वेगळंच दाखवतो.

कारण तीन वेगळ्या जातींना लोक एकच नाव देतात. पहिली जात खिशातल्या झूमवाल्यांची, सोनीची आरएक्स१०० मालिका त्यातली. ह्यांच्या सेन्सरला एक इंची म्हणतात खरं तो एक इंच कुठूनही भरत नाही, १३.२ बाय ८.८ एमएम असतो. दुसरी जात म्हणजे मोठा एपीएस-सी सेन्सर आणि न निघणारी एकच लेन्स, त्यात रिको जीआर आणि फुजीचा एक्स१००. तिसरी म्हणजे लेन्स बदलता येणारा छोटा मिररलेस (आत आरसा नसलेला) आणि त्याला एखादी चपटी पॅनकेक लेन्स. रस्त्यावरच्या फोटोंसाठी माझ्या मते दुसरी नाहीतर तिसरी. पहिली वाईट नाही, खरं झूम हातात असलं की पाय हलत नाहीत, माणूस एका जागी उभारून वेचत बसतो.

प्र. मग रिको, एक्स१०० की लेन्स बदलायचा?

इथं जरा सविस्तर सांगतो, पैसे इथंच जातात.

जीआर थ्री २०१९ साली आला. २४ मेगापिक्सेल, २८ एमएमच्या नजरेची (नजरेचं खाली सांगतो) एफ २.८ लेन्स, बॅटरीसकट २५७ ग्रॅम. एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त आत येतो, आकडा मोठा तितकं पुढचं-मागचं जास्त शार्प येतं. मी तो शर्टच्या खिशात घालून कामाला गेलोय. कामावरून सुटलं की खिशातून काढायचा, बटण दाबलं की एका सेकंदाच्या आत चालू. शटरचा आवाज इतका बारीक की गाडीच्या हॉर्नमध्ये मलाच ऐकू येत नाही. ह्याचाच भाऊ जीआर थ्री एक्स, २०२१ चा, त्याची नजर ४० एमएमची, बाकी सगळं जवळपास तेच. खोड म्हणजे व्ह्यूफाइंडर, डोळा लावून बघायची खिडकी, नाही, मागची स्क्रीन हलत नाही, दुपारच्या उन्हात त्या स्क्रीनवर आपलंच तोंड दिसतं. पाण्याधुळीपासून संरक्षण नाही. बॅटरी कंपनीच्याच हिशोबानं २०० फोटोंची.

एक्स१०० सिक्स २०२४ चा, ४० मेगापिक्सेल, ३५ एमएमची नजर, एफ २, ५२१ ग्रॅम. हा मी फक्त एक दिवस वापरलाय, पुण्याच्या एका ओळखीच्याचा, त्यामुळं जास्त बोलत नाही. व्ह्यूफाइंडर भारी आहे, काचेतून थेट बघा नाहीतर इलेक्ट्रॉनिक करा. आत एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी काच, आहे, भर उन्हातही एफ २ वर काढता येतं. खरं किंमत बघून मला आमच्या शॉपमधली एक मशीन आठवली.

एक्स-ई३ जुना, २०१७ चा, २४ मेगापिक्सेल, ३३७ ग्रॅम. त्याला २३ एमएम एफ २ लावली तर आणि १८० ग्रॅम, म्हणजे वजनाला नवीन एक्स१०० इतकाच झाला. खिशात बसत नाही, पिशवीत बसतो. त्यात इमेज स्टॅबिलायझेशन, म्हणजे हात हलला तरी फोटो सांभाळायची सोय, नाही. फायदा एकच आणि मोठा, लेन्स बदलता येते. तुम्हाला २८ आवडतंय की ५० हे अजून माहीतच नसेल तर एकाच लेन्सला जन्माची गाठ कशाला मारायची.

आणि घरात जुना डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला मोठा कॅमेरा, पडला असेल तर आधी तोच वापरून बघा. माझ्या २००डीला कॅननची २४ एमएम एफ २.८ पॅनकेक लावली, ती फक्त १२५ ग्रॅमची, एकूण किती होतंय बघू म्हणून मी काट्यावर ठेवला तर ५८० ग्रॅमच्या आसपास भरला. नजर ३८ एमएमची. दिसायला मोठा दिसतो एवढंच. खरं ते 'दिसायला मोठा' प्रकरण साधं नाही, खाली सांगतो.

प्र. २८, ३५, ५० म्हणजे काय आणि कुठलं चांगलं?

हे आकडे फुल फ्रेमच्या, म्हणजे जुन्या फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरच्या, हिशोबानं नजरेची रुंदी सांगतात. आकडा लहान तितकं जास्त आत मावतं. एपीएस-सीवर फुजीला आणि रिकोला साधारण दीडनं गुणायचं, कॅननला १.६ नं. म्हणजे फुजीची २३ ची लेन्स झाली ३५, आणि कॅननची ५० ची झाली ८०. ही चूक सगळेच करतात, मीही केली, ५० एमएम एफ १.८ स्वस्त मिळते म्हणून घेतली आणि पांगुळ गल्लीत घेऊन गेलो. ८० च्या नजरेनं तिथं काय दिसणार? एक कान, अर्धी साडी आणि कुणाच्या तरी पिशवीतली मेथी. मागं सरकायला गेलो तर पाठीला दुकानाचं काउंटर.

आपल्या गावात लेन्स गल्ली ठरवते, आपण नाही. गणपत गल्ली, खडेबाजार, पांगुळ गल्ली, भेंडी बाजार इकडं संध्याकाळी रस्त्याच्या दोन्ही बाजूला विकणारे बसतात, मधनं टू-व्हीलर, उरतं काय तर एक माणूस जाईल एवढी वाट. तिथं २८ किंवा ३५. तुम्ही माणसापासून हाताच्या अंतरावर असता आणि तरी त्याचे पाय, पुढ्यातलं गोणपाट, मागची पाटी सगळं मावतं. याउलट कॅम्पातले रुंद रस्ते, काँग्रेस रोड, टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटला फाटक पडलंय आणि पलीकडं तीसेक गाड्या थांबल्यात, तिथं २८ नं काढलं तर सगळं मुंगीएवढं. तिथं ५० बरं.

मला स्वतःला ३५ पटतं. २८ मध्ये जवळ गेलं नाही तर फोटोत नुसती रिकामी जागा भरते, आणि जवळ जायची माझी छाती रोज सारखी नसते. शनिवारी असते, सोमवारी नसते. ३५ दोन्ही दिवस चालतं. फ्रेंच फोटोग्राफर हेन्री कार्तिए-ब्रेसाँ आयुष्यभर बहुतेक ५० वरच काम करत होता हे सगळे सांगतात, बरोबर आहे, खरं त्याला पांगुळ गल्लीत पाठीला काउंटर लागत नव्हतं.

प्र. विकत घ्यायच्या आधी ट्राय कसं करायचं? इथं भाड्यानं देणारं कोण नाही.

लग्नाचे फोटो काढणाऱ्यांकडं बॉडी-लेन्स भाड्यानं मिळतात, खरं त्यांच्याकडं असतं ते ७०-२०० ची लांबलचक झूम आणि मोठं फुल फ्रेमचं धूड. छोटं काही पाहिजे तर कोल्हापूर, हुबळी नाहीतर पुण्या-बेंगळूरच्या ओळखीवर चालतं. म्हणून मी आधी फुकटातलं सांगतो.

मोबाईलची साधी १x लेन्स २४ ते २६ एमएमच्या आसपास असते आणि २x म्हणजे साधारण ५०. आठवडाभर फक्त १x वर काढा, पुढचा आठवडा फक्त २x वर. झूमला हात लावायचा नाही. शेवटी मोजा, कुठल्या आठवड्यातले फोटो तुम्ही पुसून टाकले नाहीत.

किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्यासोबत मिळणारी साधी झूम, असेल तर आणि सोपं. १८-५५ ला १८ वर ठेवून झूमच्या रिंगला इन्सुलेशन टेप लावायची, झालं २८-२९. पुढच्या आठवड्यात टेप काढून २४ वर, मग ३५ वर. मी लाल टेप लावली होती, शॉपमधली, तर एकजण म्हणाला लेन्स मोडली काय? म्हटलं नाही, बांधून ठेवलीय.

आणि एकच गल्ली धरा. मी रामलिंगखिंड गल्ली धरली होती, एकाच वाटेनं जायचं, एकाच वाटेनं यायचं, चाळीस मिनिटं. रोज नवीन जागा बघत बसलं तर फोटो चांगला आला तो लेन्समुळं की जागेमुळं हेच कळत नाही. जागा तीच राहिली, उजेड तोच राहिला, की जो फरक दिसेल तो लेन्सचा. शॉपमध्ये आम्ही जॉब सेट करताना एका वेळी एकच ऑफसेट बदलतो, तसं.

प्र. फोकस लागेपर्यंत माणूस निघून जातो. काय करू?

ऑटोफोकसच्या नादाला लागू नका. अंतर आधीच ठरवून ठेवायचं, त्या अंतरावर माणूस आला की दाबायचं. ह्याला झोन फोकस म्हणतात आणि माझ्या मते छोट्या कॅमेऱ्याची अर्धी मजा हीच आहे.

रिकोत ह्याला स्नॅप फोकस म्हणतात, मेन्यूत १, १.५, २, २.५, ५ मीटर अशी अंतरं आहेत. एकदम पूर्ण बटण दाबलं की कॅमेरा शोधाशोध न करता थेट ठरलेल्या अंतरावर जातो. आता हिशोब बघा. त्याची लेन्स प्रत्यक्षात १८.३ एमएमची. एफ ८ वर २ मीटरला लावली तर साधारण १ मीटरपासून पार गल्लीच्या टोकापर्यंत सगळं चालण्यासारखं शार्प येतं. फुजीची २३ एफ ८ वर २ मीटरला लावली तर सव्वा ते पाच मीटर. आणि ३५ ची, म्हणजे ५० च्या नजरेची लेन्स, एफ ८ वर ३ मीटरला लावली तरी हातात येतं फक्त सव्वादोन ते पाच मीटरच्या मधलं. लेन्स लांबली की चुकीला जागा कमी, एवढं लक्षात ठेवा. गल्लीत २८-३५ सोपं का जातं त्याचं हे दुसरं कारण.

आता दोन मीटर म्हणजे किती हे डोळ्याला कळलं पाहिजे. मी पहिले चार दिवस घरातच टेप घेऊन मोजत होतो. जुन्या माणसांचं माप होतं ना वाव, दोन्ही हात पसरल्यावर जेवढं होतं तेवढं, ते सहा फुटाच्या आसपास येतं, त्यात एक वीत मिळवली की झाले दोन मीटर. आमच्या घरात उंबऱ्यापासून तुळशीकट्टा बरोबर दोन मीटर निघाला. आता गल्लीत माणूस दिसला की मी मनात त्याला तुळशीपाशी उभा करतो. आईला हे सांगितलं नाही.

अंधार पडला की हे सगळं कोलमडतं, कारण एफ ८ परवडत नाही. मग एफ २ नाहीतर २.८, आणि निमूट ऑटोफोकस.

प्र. सेटिंग काय ठेवतोस?

दिवसा एफ ८, शटर १/५०० सेकंदापेक्षा हळू नाही, आयएसओ (सेन्सर उजेडाला किती तिखट ठेवायचा तो आकडा) ऑटो. चालणाऱ्या माणसाला १/२५० पुरतं, खरं आपल्याकडं चालणाऱ्या माणसाच्या मधनं ॲक्टिव्हा येते. संध्याकाळी एफ २, १/१२५, आयएसओ ६४०० पर्यंत मोकळा. दाणे दिसतात, दिसू देत. हललेला फोटो वाचत नाही, दाणेदार वाचतो. उन्हात एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजेडपणा, थोडं खाली, उणे ०.७, कारण ताडपत्रीच्या सावलीत बसलेली बाई आणि बाहेरचं पांढरं ऊन दोन्ही एका फ्रेममध्ये असतात, ऊन एकदा जळालं की परत येत नाही. रॉ (कॅमेऱ्यानं न रंगवलेली मूळ फाइल) आणि जेपेग दोन्ही.

स्टॅबिलायझेशनबद्दल एक. रिकोत ते आहे, त्यामुळं १/१५ ला सुद्धा देवळाचा खांब सरळ येतो. खरं ते तुमचा हात स्थिर करतं, समोरच्या माणसाचे पाय नाही.

प्र. रात्री दुकानांचे फोटो काढले तर आडवे काळे पट्टे येतात. कॅमेरा बिघडला काय?

नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं बरेचसे दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर वरून खाली ओळीओळीनं वाचतं, काही ओळी उजेडात वाचल्या जातात काही अंधारात, म्हणून पट्टे. मेकॅनिकल शटरवर या आणि १/१०० किंवा १/५० ठेवा. स्वस्तातल्या एलईडी पट्ट्या काही याला बधत नाहीत, तिथं दोनचार जास्त काढायचे. मी शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत अख्खी रात्र सायलेंटवर काढली, ढोलताशा आणि डीजेच्या आवाजात सायलेंट शटर, काय अक्कल ती. सकाळी बघतो तर अर्ध्या मावळ्यांच्या अंगावर झेब्र्यासारखे पट्टे.

प्र. लोक ओरडत नाहीत काय?

ओरडतात की. खरं किती ओरडतात ते कॅमेऱ्यावर असतं, हेच ते मघाचं 'दिसायला मोठा' प्रकरण.

२००डी घेऊन खडेबाजारात एका दुकानापुढं उभारलो होतो, किट लेन्स, हूड वगैरे लावून. मालक काउंटर सोडून बाहेर आला. "पाटीचा फोटो काढूलालास काय? कन्नड बारीक आहे म्हणून?" पाटीवर ६० टक्के कन्नड पाहिजे हा नियम आल्यापासून मोठा कॅमेरा म्हटलं की सगळ्यांना एकतर प्रेस नाहीतर तपासणी वाटते. मी म्हटलं नाही मालक, खालच्या मांजराचा काढूलालोय. मांजर खरंच होतं, तागाच्या पोत्यावर, खरं तोवर तेही गेलं. त्याच दुकानापुढं दोन आठवड्यांनी रिको घेऊन उभारलो, मालकानं एकदा बघितलं आणि परत हिशोबाला लागला. त्याच्या लेखी माझ्या हातात एक जुना मोबाईल होता.

म्हणून छोटा कॅमेरा. फोटोची क्वालिटी २००डीची काही वाईट नव्हती.

भाषेचं म्हणाल तर दोन्ही ठेवा. गणपत गल्लीत एक म्हातारी गजरे घेऊन बसते, मला वाटलं कन्नड असेल म्हणून मी अदबीनं म्हटलं, "अव्वा, फोटो तेगीलेन्री?" तिनं दोरा दातात धरला होता, तो तोडला, वर बघितलं आणि म्हणाली, "कन्नड कशाला फाडूलालास, काढ की." मग मान खाली घालून परत ओवायला लागली, तिची बोटं न बघता चालतात, दोन कळ्या इकडं तोंड दोन तिकडं, गाठ, परत दोन. मी ३५ च्या नजरेनं मीटरभरावरनं नुसत्या हातांचे वीस फोटो काढले. त्यातल्या एकाची चार बाय सहाची प्रिंट नेऊन दिली तर म्हणते, "माझं तोंड कुठाय ह्यात?" बरोबर आहे तिचं. पुढच्या शनिवारी तोंडाचा काढला, तो तिनं गल्ल्याच्या डब्यात ठेवलाय. आता मी बिनधास्त तिच्या शेजारी उभारून पूर्ण गल्लीचे फोटो काढतो, कोण काही बोललं तर तीच उत्तर देते.

आधी विचारायचं की नंतर, ह्यावर लोक भांडतात. माझी पद्धत अशी की हालचाल चालू असेल तर आधी काढतो, मग नजरेला नजर देऊन स्क्रीन दाखवतो. नको म्हटलं की तिथंच समोर डिलीट. लहान पोरांचे आईबापाला विचारल्याशिवाय नाही, दवाखान्याबाहेर नाही, कुणाची फजिती झालीय तेव्हा नाही. आणि लपून तर नाहीच. कमरेवरनं चोरून काढलेला फोटो सापडला तर मार खायची तयारी ठेवा, मी सोडवायला येणार नाही.

प्र. कुठं जाऊ आणि कुठं नको?

शनिवारी बाजार, रविवारी सकाळी खासबागचा बाजार. कपिलेश्वराच्या देवळाच्या आसपास श्रावणी सोमवारी पहाटे. शहापूर-वडगावात मागाचा खटखट आवाज आला की दारात उभारून विचारा, बहुतेकजण आत बोलावतात, खरं आत अंधार असतो, एफ २ ची लेन्स पाहिजे आणि मागाच्या पट्ट्यापासून गळ्यातला पट्टा लांब ठेवा. डिसेंबर-जानेवारीत सकाळी सातला धुकं असतं, तेव्हा टिळकवाडीची रेल्वे गेटं. दुपारी बारा ते तीन घरी झोपा.

नको तिथं म्हणजे कॅम्पात लष्कराच्या हद्दीत. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर आहे, गेट, भिंती, जवान, कशाकडंही कॅमेरा करू नका, पाट्या लावलेल्या आहेत आणि तिथं 'मी आर्टसाठी काढतोय' हे चालत नाही. किल्ल्यात कमल बस्ती हे जुनं जैन मंदिर बघायला जरूर जा, खरं तिथंही आत लष्कराची ठिकाणं आहेत, कुठं काढतोय ते बघून काढा. १ नोव्हेंबरला एकीकडं कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक आणि एकीकडं बेळगाव महाराष्ट्रात पाहिजे म्हणणाऱ्यांची काळ्या दिनाची फेरी, बंदोबस्त कडक. फोटो जबरदस्त मिळतात, खरं त्या दिवशी तुम्ही कुठल्या बाजूचे हे तुमच्या आधी दुसरेच ठरवतात. पहिल्याच महिन्यात जाऊ नका.

प्र. आपल्याकडच्या पावसात कॅमेऱ्याचं काय?

जून ते सप्टेंबर हा कॅमेऱ्याचा शत्रू. फुजीच्या २३ एफ २ वर डब्ल्यूआर लिहिलंय, म्हणजे लेन्सला पाण्याचे शिंतोडे चालतात. खरं माझ्या एक्स-ई३च्या बॉडीला ते नाही, म्हणजे रेनकोट अंगात आणि पायात स्लीपर असा प्रकार. मी दुधाच्या पिशवीचं भोक पाडून घालतो. छत्री घेऊन एका हातानं रिको चालवता येतो, फुजी नाही.

पाण्यापेक्षा दमट हवा वाईट, तिनं लेन्सच्या आत बुरशी धरते. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या, रंग बदलला की सुकवून परत वापरायच्या. कपाटात चामड्याच्या पिशवीत तर अजिबात ठेवू नका, चामडं ओल धरून बसतं. आठवड्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून वापरा, हे सगळ्यात उत्तम.

धुळीचं दुखणं रिकोला. त्याची लेन्स चालू करताना बाहेर येते, बंद करताना आत जाते, आणि जाता येता धूळ आत ओढते. सहाव्या आठवड्यात आभाळाच्या फोटोत वरच्या कोपऱ्यात एक डाग दिसायला लागला. लेन्स निघत नाही म्हणजे सेन्सर आपण पुसू शकत नाही. मावसभावाला फोन केला, तो एवढंच म्हणाला, "तरी म्हटलं तीनाचे सात आठवडे कसे झाले." साफसफाईचे पैसे मी दिले. आता कुणाचाही रिको घेतला तर झिपच्या पिशवीत ठेवतो.

प्र. सेकंडहँड घेताना काय बघायचं?

मी एकदा फसलोय म्हणून सांगतो. ऑनलाइन एक जुनी ३५ एफ २ घेतली, फोटोत काच चकाचक, घरी आल्यावर मोबाईलचा टॉर्च मागून मारला तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. विकणाऱ्यानं फोन उचलायचं बंद केलं. तेव्हापासून टॉर्च घेऊनच जातो. लेन्स पूर्ण उघडी ठेवून एका बाजूनं टॉर्च, दुसऱ्या बाजूनं तिरकं बघायचं. चारदोन धुळीचे कण असले तर काही नाही, धागे किंवा धुरकट पडदा दिसला तर उठून यायचं. मग एफ १६ वर कोऱ्या आभाळाचा नाहीतर पांढऱ्या भिंतीचा फोटो, सेन्सरवरचे डाग त्यात उघडे पडतात. सगळ्या चकत्या, बटणं फिरवून बघा, फ्लॅश लावायचा बूट ढिला नाही ना बघा, बॅटरी फुगली नाही ना बघा. माझा एक्स-ई३ मी एका माणसाकडनं कोल्हापूर स्टँडवरच घेतला, बेंचवर बसून पाऊण तास तपासला, तो बिचारा दोन चहा प्याला, खरं मशीन शॉपच्या माणसाला घाई करू नये.

प्र. कलर की ब्लॅक अँड व्हाइट?

कलर. बेळगावात रंग फुकट मिळतो. फोटोग्राफर रघुबीर सिंग यांनी भारतातले रस्ते कलरमध्येच काढले, तेही अशा काळात जेव्हा गंभीर फोटो म्हणजे काळापांढराच असं मानत होते. रात्रीच्या घाण पिवळ्या-निळ्या उजेडात कातडीचा रंग बिघडला तर मीही गपचूप ब्लॅक अँड व्हाइट करतो, आणि लोक म्हणतात वा, काय मूड आहे.

प्र. एकूण काय काय घेऊन बाहेर पडतोस?

एक्स-ई३, २३ एमएम, एक जादा बॅटरी, मनगटाचा पट्टा, दुधाची पिशवी, वाटायच्या दोनचार प्रिंट. दुसरी लेन्स घरी. दोन लेन्स घेतल्या की मी अर्धा वेळ लेन्स बदलण्यात घालवतो आणि समोरची बैलगाडी निघून जाते.

प्र. एवढं सगळं येतंय तर आमच्या घरच्या लग्नाचे फोटो काढशील काय?

नाही. एका मित्राच्या साखरपुड्यात काढले होते. नवरा-नवरीचे सहा आणि जेवण वाढणाऱ्या मामांचे एकशे चाळीस.